चौथ्या गाण्यातला माणूस

ही गोष्ट सांगायचं टाळण्यात माझी अकरा-बारा वर्षं गेली. टाळताना फार कष्ट पडले नाहीत, तेही आधीच सांगून टाकतो. मनात असं काही लपवून ठेवलेल्या माणसाला झोप लागत नाही, घास उतरत नाही, असं आपण वाचतो. मला झोप लागत होती. जेवण जात होतं. म्हणून तर इतकी वर्षं निघाली.

आणि नुसती टाळली असती तर एक वेळ चाललं असतं. मी तिच्या जागी दुसरीच गोष्ट सांगत आलो. इथल्या मराठी मंडळात तुमच्यापैकी बरेच जण मला भेटले आहेत – पुण्याहून नव्यानं आलेली मुलं-मुली, कुणी पीएचडीला, कुणी गाड्यांच्या कारखान्यात. गणपतीत जेवताना कुणीतरी विचारायचं, "काका, इथले शेजारी कसे असतात हो?" आणि मी सांगायचो : तोंडावर गोड, मागून पत्र. आमच्या मंदाचंच बघा. वरच्या मजल्यावरच्या बाईनं दोन वर्षं मैत्री केली, बरोबर बसून गाणी म्हटली, आणि एक दिवस टपालपेटीत निनावी तक्रार टाकली. मंदानं गाणं सोडलं ते सोडलंच.

ऐकणारे हळहळायचे. एका मुलीच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं आहे. कुठल्या वाक्याला आवाज खाली आणायचा, हेसुद्धा माझं ठरून गेलं होतं.

ती गोष्ट खोटी आहे. मंदा, माझी बायको, जाऊन चार वर्षं झाली. ती वरच्या मजल्यावरची बाई, फ्राऊ केलर, याच वर्षी गेली. दोघी नाहीत म्हणून आता याला कंठ फुटला, असं कुणी म्हणेल. बरोबरच म्हणेल.

आम्ही गेर्लिंगेन या जर्मन गावात सहा बिऱ्हाडांच्या एका इमारतीत राहत होतो. मी अजूनही तिथंच राहतो. लग्नाआधी मंदा मिरजेच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायची. इथं आल्यावर तिचं इंग्रजी तसंच पडून राहिलं, आणि जर्मन आलं ते पाव, बस आणि डॉक्टर यांच्यापुरतं. तिला क्लास लावायचा होता. दोनदा विचारलं तिनं. मी म्हणालो, कशाला, मी आहे ना. टपाल माझं खातं. सरकारी कागद, विमा, घरमालकाची पत्रं – सगळं माझ्या टेबलावर यायचं, मी वाचायचो, तिला दोन ओळींत सांगायचो आणि फाइलला लावायचो. मला ते आवडायचं. का आवडायचं, हे तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी म्हणालो असतो, तिला त्रास नको म्हणून.

फ्राऊ केलरशी तिची ओळख झाडूमुळे झाली. आमच्या भागात जिना झाडायची पाळी असते, आठवड्याला एका बिऱ्हाडाची, त्याला केरवोखे म्हणतात. मंदा म्हणायची, "अख्ख्या भाषेत एवढा एक शब्द आपला आहे, आणि तो पण केराचा." एका शनिवारी ती जिना झाडत असताना वरून फ्राऊ केलर आल्या आणि इंग्रजीत काहीतरी बोलल्या. त्याही निवृत्त शिक्षिका, इंग्रजीच्याच. नवरा गेलेला. मंदा तो झाडू हातात धरून पाऊण तास जिन्यात उभी होती. मी दाराच्या आत होतो, मला ऐकू येत होतं. तिला इतकं बोलता येतं, हे मला माहीत नव्हतं.

मग त्या सीडीचं आलं. फ्राऊ केलरची भाची आयर्लंडमध्ये राहायची, तिनं पाठवलेली. एक आयरिश पोरगा, विशी-पंचविशीचा, कव्हरवर उसवलेल्या बाहीचा स्वेटर घालून, गिटार मांडीवर. स्वतःच गाणी लिहायचा, स्वतःच म्हणायचा. नाव लिहीत नाही, त्याचा यात काही अपराध नाही. अकरा गाणी. चाली साध्या, आपल्याकडच्या भावगीतांसारख्या, एकदा ऐकली की ओठावर बसणाऱ्या. परक्या गावातून घरी फोन करून सगळं छान आहे म्हणणारा मुलगा. दोन कप मांडून एकटीच चहा पिणारी आई. असलं सगळं.

मंदा ऐकायची आणि रडायची. आणि हसायचीही. "हा मेला आपल्या ओट्याखाली दडून बसला होता की काय? ह्याला कसं कळलं हो?" आमचा मुलगा हॅम्बुर्गला असतो. आठवड्यातून एकदा फोन, आई मराठीत विचारणार, तो जर्मनमध्ये उत्तर देणार. त्या फोननंतर ती हमखास पहिलं गाणं लावायची. सैपाक करता करता म्हणायची. मिरजेची मुलगी, पण घरी गाणं चालायचं नाही, बापानं शिकू दिलं नव्हतं. आवाज चांगला होता तिचा. – हे मी पहिल्यांदा लिहितो आहे. तिला कधी म्हणालो नाही.

चाळीस वर्षं ती माझ्यासमोर रडली नव्हती. मी ती माझी कमाई समजत होतो. आणि एका अनोळखी पोरानं तीन मिनिटांत तिला रडवावं? मी पेपर वर धरायचो. पेपराच्या पलीकडे ती हुंदके देत भाजी चिरायची, आणि मला वाटायचं, इथं या घरात कुणीतरी माझ्या खुर्चीवर बसलं आहे.

तरी तेवढ्यावर मी ते केलं नसतं, असं मला वाटतं. चौथं गाणं आलं मध्ये.

एका दुपारी तिनं मला हाताला धरून बसवलं. "अहो, हे एक ऐका. नीट ऐका हं. हा माणूस ओळखा पाहू." त्या पोरानं ते बापावर लिहिलं होतं. बाप घरी येतो, कोट नीट खुंटीला लावतो, काही पत्रबित्र आलं का विचारतो, बसतो. हवेबद्दल बोलतो. ऑफिसबद्दल बोलतो. आणि त्याची बायको चहाच्या किटलीशी बोलते. गाणं संपलं. मंदा माझ्याकडे बघून हसत होती. चिडवत होती, पण त्यात विष नव्हतं. मीही हसावं एवढंच तिला हवं होतं. हसायला किती लागतं?

मी म्हणालो, "नाकात गातो."

ती म्हणाली, "बरं." आणि पुढचं गाणं लावलं.

त्यानंतर काही दिवसांनी मी बाहेरून येत होतो. खालच्या जिन्यात असताना वर आमच्या दारात दोघींचं बोलणं चाललेलं. फ्राऊ केलर इंग्रजीत विचारत होत्या, "नंबर फोर घरात आहे का?" आणि मंदा म्हणाली, "नंबर फोर पाव आणायला गेलाय. पण हळू बोल, परत येऊन हवेबद्दल सांगेल." दोघी हसल्या. शाळेतल्या मुली शिक्षकाला नाव ठेवून हसतात, तशा.

मी पाव घेऊन तिथंच उभा राहिलो. राग आला का? नाही आला. राग आला असता तर मी वर जाऊन चार शब्द बोललो असतो, भांडण झालं असतं, मिटलं असतं. मला फक्त गार वाटलं. आणि काय करायचं, ते मला जवळजवळ लगेच सुचलं.

माझं काम काय होतं, हे तुम्हाला सांगायला हवं. मी निवृत्त होईपर्यंत एका कारखान्यात आलेले सुटे भाग तपासायचो. दोष सापडला की पुरवठादाराला पत्र लिहायचं. अशी पत्रं मी शेकड्यांनी लिहिली. एकही वाकडा शब्द न वापरता, सगळं कलमाला धरून, समोरच्याला मान खाली घालायला कशी लावायची, हे मला जर्मनमध्ये उत्तम येतं. मराठीत येत नाही तितकं.

इमारतीत उन्हाळ्यात अंगणात एक छोटा मेळावा व्हायचा. सगळी बिऱ्हाडं केक, सॅलड घेऊन खाली यायची. त्या वर्षी दोघींनी ठरवलं होतं की त्या पोराचं एक गाणं म्हणायचं, फ्राऊ केलरची गिटार, मंदाचा आवाज. मंदानं आयुष्यात चार माणसांसमोर गायलं नव्हतं. तिनं दोन साड्या इस्त्री करून ठेवल्या. मला विचारलं, "मोतिया चांगली दिसेल की निळी?" मी म्हणालो, निळी. तोपर्यंत माझं पत्र लिहून झालं होतं.

गावच्या वाचनालयात जाऊन छापलं. एक पान. दुपारी एक ते तीन ही शांततेची वेळ. त्या वेळात तुमच्या घरातून तेच ते संगीत आणि त्यावर मोठ्यानं म्हटलेली गाणी ऐकू येतात. इमारतीच्या नियमांचं अमुक कलम. इतकी वर्षं या देशात राहिलेल्या माणसांकडून एवढी अपेक्षा गैर नसावी. मेळाव्यातही हाच कार्यक्रम होणार असल्याचं कळलं, तर त्याचा पुनर्विचार व्हावा. खाली सही नाही – "एक रहिवासी."

मंगळवारी सकाळी पेटीत टाकलं. टपालपेटीची किल्ली माझ्या जुडग्यात असायची. त्या दिवशी मी ती मंदाला दिली. म्हणालो, जरा बघून ये, माझा गुडघा दुखतोय.

ती पत्र घेऊन वर आली. पाकिटावर फक्त आमचं आडनाव, दाते. "अहो, हे काय आहे बघा बरं." आणि समोर बसली, नेहमीसारखी, मी वाचून सांगेन म्हणून.

मी माझंच पत्र तिला मराठीत वाचून दाखवलं. सावकाश. मध्ये एकदोनदा शब्द शोधल्यासारखं करून.

आता नीट ऐका. इतक्या वेळ मी जे सांगितलं तो माझा गुन्हा नाही, म्हणजे तो आहे, पण तो कुणीही करेल असा आहे. हलका, नवरेपणाचा. खरी गोष्ट पुढे आहे.

पत्र ऐकून मंदानं नाक फेंदारलं. म्हणाली, "हा तळमजल्यावरचा असणार. त्याला मुलांच्या सायकलींचाही आवाज होतो. थांबा, केलरबाईंना दाखवते, त्या अशी चंपी करतील ना त्याची." आणि हात पुढे केला, कागद घ्यायला. ती हसत होती. तिला लागलंच नव्हतं. मी इतकी मेहनत केली आणि तिला लागलं नव्हतं, कारण वर तिच्या बाजूचं कुणीतरी होतं.

मी कागद मागे घेतला. म्हणालो, "थांब, अजून आहे खाली."

खाली काही नव्हतं. मी वाचू लागलो. – "या बाई माझ्याकडे वर येऊन तासन्‌तास बसतात. एकट्या पडलेल्या म्हाताऱ्या बाईची कीव येते म्हणून मी दार उघडते. त्यांचे इंग्रजी उच्चार ऐकून मला हसू आवरत नाही. पण त्यांना चार लोकांत उभं करून त्यांचं हसं करायची माझी इच्छा नाही. हे मला त्यांच्या तोंडावर सांगता येत नाही, म्हणून लिहावं लागतं."

ही वाक्यं मी आधी ठरवली नव्हती. ती तिथं खुर्चीत बसल्या बसल्या आली, एकामागून एक, न अडखळता. उच्चारांचं का सुचलं, ते सांगतो. पहिल्या भेटीनंतर तिनं मला विचारलं होतं, "माझं इंग्रजी अगदी मिरजेचं वाटतं का हो?" त्या प्रश्नाचं उत्तर मी तेव्हा दिलं नव्हतं. ते असं दिलं.

ती म्हणाली, "कुठे लिहिलंय? दाखवा."

मी शेवटच्या परिच्छेदावर बोट ठेवलं. तिथं कलमाचा क्रमांक आणि पुनर्विचाराची विनंती होती. तिनं चष्मा लावला आणि त्या ओळी पाहिल्या. बराच वेळ पाहिल्या. अक्षरं तिला सगळी वाचता येत होती. अर्थ लागत नव्हता. अर्थ माझ्याकडे होता. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो, आणि – हे लिहायलाच हवं – मला बरं वाटत होतं. गुडघासुद्धा दुखत नव्हता.

"हो का," एवढंच म्हणाली ती. पत्र मी फाइलला लावतो म्हणालो, आणि दुपारी ते फाडून कागदाच्या कचऱ्यात टाकलं. तिनं सीडी डबीत घालून कपाटाच्या वरच्या फळीवर, चादरींच्या मागे ठेवली. तिचा हात तिथं पोचत नसे. स्टूल घेऊन चढली.

मेळाव्याच्या दिवशी फ्राऊ केलर गिटार घेऊन दारात आल्या. मंदा आतून मला म्हणाली, "डोकं दुखतंय म्हणून सांगा." मी दार उघडून सांगितलं. फ्राऊ केलरनी विचारलं, काही लागतं का? मी म्हणालो, तिला विश्रांती हवी आहे. माझ्या खांद्यावरून त्या आत बघत होत्या. मी दार थोडं ओढून घेतलं.

पुढच्या पंधरवड्यात त्यांनी पेटीत तीन चिठ्ठ्या टाकल्या. इंग्रजीत, शिक्षकी अक्षरात, मंदाच्या नावानं. किल्ली परत माझ्या जुडग्यात आली होती. पहिलीत तब्येतीची चौकशी. दुसरीत, तुझ्याशिवाय गाणं नको म्हणून मी मेळाव्यात वाजवलं नाही. तिसरीत एकच ओळ : माझं काही चुकलं असेल तर मला सांग. मी त्या पेट्यांपाशी उभा राहून वाचल्या आणि एकही वर नेली नाही. मंदाला त्या वाचायला माझी गरज पडली नसती. आमच्या घरात आलेली तेवढीच पत्रं होती जी तिला स्वतःला वाचता आली असती.

ती पहाटे जिना झाडू लागली. फ्राऊ केलर उठायच्या आत. मुलाच्या फोननंतर ती आता काही लावत नसे. नुसती बसे. मला हवी होती ती शांतता मिळाली. पेपर पूर्ण वाचून व्हायचा. ती मला जेवायला वाढायची, औषधं द्यायची, अहो-जाहो तसंच, कुठंही कमी नाही. तिनं मला पुन्हा कधी चिडवलं मात्र नाही. माणूस चिडवतो कुणाला, हे मला तिच्या आठ वर्षांच्या गप्प बसण्यातून कळलं. तुम्ही म्हणाल, शिक्षा झाली की. नाही. शिक्षा तिला झाली. मी पेपर वाचत होतो.

काही वर्षांनी फ्राऊ केलर लेओनबेर्गच्या वृद्धाश्रमात राहायला गेल्या. सामान उतरत असताना मंदा खिडकीच्या पडद्याआड उभी होती. मी तिला म्हणालो, "गेली एकदाची." असं म्हणायची काय गरज होती? काहीच नव्हती.

मग मंदाचा आजार आला. हॉस्पिटलमध्ये सात आठवडे. तिसऱ्या की चौथ्या आठवड्यात एका दुपारी ती म्हणाली, "केलरबाईंना कळवता का? जाऊ दे ते जुनं. मला एकदा बघायचंय त्यांना." त्या वेळी मी सांगायला हवं होतं. तिच्याजवळ महिना होता. तेवढा महिना तरी तिला तिची मैत्रीण परत मिळाली असती. पण त्या दोघी भेटल्या असत्या तर पहिल्या पाच मिनिटांत सगळं बाहेर आलं असतं, हे माझ्या मनात तिच्या मरणाच्या आधी आलं. मी म्हणालो, "कळवतो." दुसऱ्या दिवशी म्हणालो, "कळवलं."

आठवडाभर भेटीच्या वेळेला ती दाराकडे बघायची. नर्सला सांगून केस विंचरून घ्यायची. मग एक दिवस तिनं दाराकडे बघणं सोडलं आणि मला म्हणाली, "कीवही संपली वाटतं." आणि थोडंसं हसली. इतक्या वर्षांत तिचा तो पहिला विनोद.

त्यानंतरही मी तुम्हाला गणपतीत ती गोष्ट सांगितली आहे. दोनदा.

गेल्या वर्षी पानगळीच्या दिवसांत मी लेओनबेर्गला गेलो. फ्राऊ केलरना सांगायला. जर्मनमध्ये एक वाक्य तयार केलं होतं : ते पत्र मी लिहिलं, त्यात तुमचं बोलणं म्हणून जे वाचलं ते माझं होतं, तुमच्या चिठ्ठ्या मी फेकल्या, आणि ती तुम्हाला बोलवत होती – मला क्षमा करा. बसमध्ये ते मी पुन्हा पुन्हा म्हटलं. कुठंही अडखळलो नाही.

फ्राऊ केलर खिडकीजवळ खुर्चीत होत्या. ऐंशी ओलांडलेल्या, पण डोकं शाबूत. मंदा गेल्याचं त्यांना माझ्याकडूनच कळलं, तेव्हा, तीन वर्षांनी. त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. मग विचारलं, "हेर दाते, मी तिचं काय वाईट केलं होतं?"

वाक्य तोंडात तयार होतं. मी म्हणालो, "काही नाही. मंदा तशीच होती. तिला माणसांचा लवकर कंटाळा यायचा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "नाही," म्हणाल्या. "तशी नव्हती ती."

आणि थांबल्या. हात मांडीवर ठेवून, डोळे माझ्यावर. जन्मभर शाळेत शिकवलेली बाई. कुठल्या मुलाला उत्तर येतंय हे ओळखायचं आणि त्याच्यासमोर न बोलता थांबायचं, हे त्यांना ठाऊक होतं. त्या माझ्यासाठी थांबल्या होत्या. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. मी कोटाचं वरचं बटण लावलं. मग खालचं. त्या तरी थांबल्याच होत्या.

मी म्हणालो, "माझी बस आहे सहा मिनिटांनी."

बसला वीस मिनिटं होती. ती मी थांब्यावर उभा राहून काढली. तिथून त्यांची खिडकी दिसत होती, आणि वाक्य अजून पाठ होतं.